पडद्यावरील मारामारी आणि घरांतील मूल

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यांत दौंड येथील एका शाळेची बातमी महाराष्ट्रांतील अनेक वृत्तपत्रांत आली होती. सातवींतील एका मुलानें आपल्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही स्वतःच करून दिली. वर्गांतील एका मुलीनें ही गोष्ट शिक्षकांस सांगितली. त्याचा राग धरून त्या मुलानें नववींतील एका विद्यार्थ्यास शंभर रुपये देऊ केले आणि त्या मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्याची ‘सुपारी’ दिली, असें पोलिसांकडे झालेल्या तक्रारीच्या बातमींत म्हटलें होतें. नववींतील मुलानें तें काम केलें नाहींच. उलट हा प्रकार त्यानें त्या मुलीच्या कानांवर घातला, आणि त्यामुळें तो उघडकीस आला. प्रकरण दडपल्याच्या आरोपावरून शाळेंतील कांहीं मोठ्या माणसांवरही गुन्हा नोंदला गेला. मुलें अल्पवयीन आहेत आणि विषय कायद्याच्या हातीं गेलेला आहे. तेव्हां त्यांचीं नांवें कोणतीं, कोणाचा दोष किती, यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

अशी बातमी वाचली म्हणजे शिरूर-दौंडकडच्या घरांतूनच काय, पुण्याच्या सुशिक्षित घरांतूनही पहिला उद्गार निघतो तो ठरलेला: ‘मोबाइलनें पोरें बिघडलीं.’ हा उद्गार खोटा आहे असें नाहीं. पण तो पुरता खरा आहे काय, हें पाहणें अगत्याचें आहे. रोग एक आणि औषध दुसरें असें झालें तर त्यांत नुकसान मुलाचेंच होतें. मोबाइल दुसऱ्या दिवशीं पुन्हां हातीं येतोच.

त्या बातमींतील ‘सुपारी’ हा शब्दच पहा. मराठी घरांत सुपारी लग्न ठरतांना फुटते, पूजेंत गणपति म्हणून बसते, जेवणानंतर अडकित्त्याखालीं जाते. गांवच्या जत्रेसाठीं तमाशाचा फड ठरवितांना करतात त्या बोलीलाही सुपारीच म्हणतात, आणि चौफुल्याच्या कलाकेंद्रांमुळें दौंड तालुक्यांत हा अर्थ कोणास नवा नाहीं. मुंबईच्या टोळीवाल्यांनीं हाच शब्द उचलून माणूस मारण्याच्या कराराला लावला, आणि १९९८ चा ‘सत्या’, १९९९ चा ‘वास्तव’ यांसारख्या चित्रपटांनीं तो घरोघर पोंचविला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो पानदानांतून मिळालेला नाहीं. शंभर रुपयांत हा व्यवहार उरकतो ही समजूतही अनुभवांतून आलेली नव्हे. ज्यानें कधीं किराणा आणला आहे त्याला शंभर रुपयांची किंमत कळते, माणसाच्या जिवाची गोष्ट तर राहोच. राग त्या मुलाचा स्वतःचा होता. त्या रागाला घालावयाचा अंगरखा मात्र त्याला बाहेरून तयार मिळाला. पडद्याचें काम किती आणि मनाचें किती, हा सगळा प्रश्न या एका शब्दांत सांठलेला आहे.

ही चिंता आजची नव्हे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. कीचकांत प्रेक्षकांना कर्झनसाहेब दिसतात, आणि भीमाकडे पाहून त्यांचे हात शिवशिवतील, ही त्या बंदीमागील भीति. राज्यकर्त्यांना काळजी मुलांची नव्हती, स्वतःची होती. परंतु पाहिलेल्या प्रहारांतून केलेला प्रहार जन्मतो हा सिद्धांत तोच. पुढें १९२७ सालीं टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें चित्रपटांच्या चौकशीसाठीं समिति नेमली. तिनें देशभर साक्षी घेतल्या आणि १९२८ सालीं अहवाल दिला. चित्रपटांनीं लोक, विशेषतः तरुण, बिघडतात अशी तक्रार तिच्यापुढें आली होती, पण त्या तक्रारीच्या मानानें पुरावा फारसा निघाला नाहीं. त्यानंतर १९३५ सालीं मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनची ‘हंटरवाली’ आली. नादिया चाबूक फिरवीत घोड्यावरून दौडूं लागली आणि तिच्या नांवानें बाजारांत चाबूक व कमरपट्टे विकले जाऊं लागले. पुढें वाचनाच्या बाजूनें बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड घराघरांत शिरले. अभ्यासाच्या पुस्तकांत रहस्यकथा लपवून वाचणारी एक सबंध पिढी महाराष्ट्रांत होऊन गेली, आणि ती पुढें दरोडेखोर न होतां कारकून, वकील, मास्तर झाली.

हा दाखला पुष्कळदां दिला जातो आणि ऐकतांना तो बिनतोड वाटतो. पण त्यांत दोन छिद्रें आहेत. एक म्हणजे, जे निभावले तेच साक्षीला येतात; जे वाहवले त्यांना कोणी बोलावीत नाहीं. दुसरें, काळापहाड वाचणाऱ्या मुलाला वाड्याचा अंधार, पिस्तुलाची चमक, पळणाऱ्याच्या पायांचा आवाज, सगळें स्वतःच्या मनांत उभें करावें लागे. त्याला अक्षरांचा जिना चढून जावें लागे, आणि आईची हांक आली म्हणजे तो जिना अर्ध्यावर सोडून खालीं यावें लागे. आजचा पडदा असले श्रम मागत नाहीं.

तेव्हां मनांतील ग्रह बाजूस ठेवून कोणी पद्धतशीर पाहिलें आहे काय? पाहिलें आहे. १९६१ सालीं अमेरिकेंत स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेंत आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानें तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. ढकलली तरी पुन्हां उभी राहणारी एक मोठी फुगीर बाहुली होती. कांहीं मुलांसमोर एका मोठ्या माणसानें त्या बाहुलीला हातोडीनें बडविलें, लाथा घातल्या, वर विशिष्ट शब्दही उच्चारले. कांहींसमोर तो माणूस शांतपणें दुसराच खेळ मांडून बसला. उरलेल्यांना कांहींच दाखविलें नाहीं. नंतर मुलांना थोडें हिरमुसलें करून त्या बाहुलीच्या खोलींत सोडलें. मारहाण पाहिलेल्या मुलांनीं ती जशीच्या तशी करून दाखविली, तेच शब्दही उच्चारले. १९६३ सालच्या प्रयोगांत मारहाण प्रत्यक्ष न दाखवितां चित्रफितींत दाखविली, तरी फळ तसेंच आलें.

यावर आक्षेप आले. ती बाहुली मुळांत मार खाण्यासाठींच बनविलेली. तिला बडवणें आणि शेजारच्या बाळूला बडवणें एक नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण १९६५ सालचा बांडुराचा तिसरा प्रयोग अधिक विचारांत पाडणारा आहे, आणि त्याची चर्चा मानानें कमी होते. त्यांत बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शेवटीं शिक्षा होतांना कांहीं मुलांना दाखविलें. कांहींना त्याची वाहवा झालेली दाखविली. कांहींना शेवट दाखविलाच नाहीं. शिक्षा पाहिलेल्या मुलांनीं मारहाणीचें अनुकरण पुष्कळ कमी केलें. मग सर्वांनाच सांगितलें कीं, जें जें पाहिलें तें करून दाखवा, खाऊ मिळेल. तेव्हां तिन्ही गटांतील मुलांनीं सारख्याच सफाईनें सगळें करून दाखविलें. म्हणजे शिकलीं सगळींच होतीं. करणें अथवा न करणें मात्र शेवट काय पाहिला यावर ठरलें होतें.

हा प्रयोग लक्षांत ठेवून आपल्याकडील एका चित्रपटाकडे पहावें. २०१८ सालीं प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. पुण्याच्या कडेच्या जमिनी विकल्या गेल्या, आलेला पैसा गाड्यांत आणि मानपानांत उडाला, आणि शेतकऱ्यांचीं पोरें गुंडांच्या टोळ्यांत शिरलीं, अशी ती कथा. शिरूर तालुक्यांतील सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव या पट्ट्यांत कारखानदारीसाठीं जमिनी गेल्यानें ही कथा तेथें परकी वाटण्याचें कारण नव्हतें. चित्रपटांत नायकाचा शेवट नाशांत होतो. कर्ता आपलें म्हणणें सरळ सांगतो. तरी या चित्रपटानें गुंडगिरीला झळाळी दिली असा आक्षेप त्यावर आला. दोन्ही म्हणणीं खरीं असूं शकतात, आणि त्याचें कारण मोबाइलच्या पडद्यावर सांपडतें. अडीच तासांच्या चित्रपटांतून नायकाचें येणें, त्याची चाल, एखादें टाळीचें वाक्य, एवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून त्यावर दणदणीत गाणें चढवितात आणि त्याचें ‘रील’ होतें. शेवट कापलेला असतो. बांडुराच्या प्रयोगांत ज्या मुलांना शेवट दाखविलाच नव्हता, त्यांच्या जागीं आज घरोघरचीं मुलें बसलेलीं आहेत, आणि तो तुकडा त्यांना दिवसांतून एकदां नव्हे, पुन्हां पुन्हां दिसतो. कारण एक पाहिला कीं यंत्र तसेच दहा पुढें करतें.

कोयत्याची गोष्टही अशीच. दिवाळी उलटली कीं बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या भीमा आणि घोड नद्यांच्या कांठच्या उसांत उतरतात. पहांटेच्या थंडींत नवरा-बायको दोघें कोयता चालवितात. त्यांची मुलें पाचटाच्या कोपीपाशीं धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्या मुलांच्या दृष्टीनें कोयता म्हणजे बापाच्या तळहाताचे घट्टे. तोच कोयता पुण्याच्या गल्ल्यांत ‘कोयता गँग’ या नांवानें दहशतीचें चिन्ह झाला. अल्पवयीन मुलें तो हातांत घेऊन रीलें काढूं लागलीं. आणि २०२३ च्या आगेंमागें पुणें पोलिसांना कोयते विकणाऱ्या दुकानदारांस खरेदीदाराचें आधारपत्र पहा असें सांगण्याची पाळी आली. अवजार एकच. एका मुलानें तें राबतांना पाहिलें, दुसऱ्यानें मिरवतांना. ज्यानें राबतांना पाहिलें त्याला त्याचें रील करण्याची हौस कितपत वाटेल, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां प्रश्न असा कीं, सगळीं मुलें हींच दृश्यें पाहतात, मग सगळींच कां बिघडत नाहींत? याला दोन दूरच्या गांवांची हकीगत उपयोगी पडेल. कॅनडांत डोंगराआडच्या एका लहानशा गांवाला १९७३ सालापर्यंत दूरचित्रवाणीच्या लहरी पोंचत नव्हत्या. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स या संशोधिकेनें दूरचित्रवाणी येण्यापूर्वीं तेथील मुलांची पाहणी करून ठेविली आणि दोन वर्षांनीं पुन्हां केली. गांवाचें खरें नांव झांकून तिनें त्याला ‘नोटेल’ म्हटलें. खेळाच्या मैदानावरील ढकलाढकली, मारामारी, शिवीगाळ, सगळें वाढलेलें आढळलें. आणि शेजारच्या ज्या गांवांत दूरचित्रवाणी आधींपासून होती तेथें तेवढी वाढ नव्हती. दुसरें ठिकाण नेपोलियनच्या अखेरच्या बंदिवासामुळें सर्वांस ठाऊक असलेलें सेंट हेलेना बेट. तेथें १९९५ सालीं दूरचित्रवाणी आली. टोनी चार्ल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आधीं व नंतर शाळांच्या अंगणांतील मुलांचें वर्तन टिपलें. येथें मात्र वाईट म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. असें कां व्हावें? संशोधकांनीं बोट ठेविलें तें त्या बेटाच्या राहणीवर. काहीं हजारांची वस्ती, जो तो एकमेकांस ओळखणारा. कोणाचें मूल कोठें काय करतें आहे हें चार मोठ्यांच्या नजरेंत असे, आणि चुकल्यास कान धरण्याचा अधिकार केवळ आईबापांकडे नव्हता.

घोडनदी म्हणून ओळखलें जाणारें जुनें शिरूर सेंट हेलेनासारखें होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं. बाजारपेठेंतून शाळेकडे जाणारें पोर कोणाचें हें दुकानदाराला ठाऊक असे, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या उचापतींची वर्दी घरीं पोंचलेली असे. दौंडची घडण थोडी निराळी. मनमाडकडे आणि बारामतीकडे फांटे फुटणारें तें मोठें जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाचें ठाणें. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेलीं कुटुंबें, रात्रपाळीवर जाणारे बाप. तरी रेल्वेच्या चाळींत एकाच्या घरची बाई दुसऱ्याच्या मुलावर लक्ष ठेवीत असे. आतां रांजणगांव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती चोवीस तास चालतात. भाड्याच्या एका खोलींत राहणारें, आईबाप दोघेंही पाळीवर असलेलें कुटुंब ही तेथील नित्याची गोष्ट. शिवाय शिरूरच्या ऊसपट्ट्यांत बिबट्याचा वावर इतका वाढला आहे कीं, सायंकाळीं मुलाला अंगणांत सोडण्यास आईचें मन धजत नाहीं. मूल आंत, दार बंद, हातांत मोबाइल. हा मोबाइल आईबापांनीं लाडानें दिला असें म्हणतात. पुष्कळ घरांत तो २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां अभ्यासासाठीं म्हणून आला आणि अभ्यास पुन्हां वर्गांत गेल्यावरही परत गेला नाहीं. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं ८२ टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरतां येतो असें आढळलें. मागील आठवड्यांत त्याचा उपयोग अभ्यासासाठीं केला असें सांगणारीं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठीं केला असें सांगणारीं ७६ टक्के. चित्रपटगृहाच्या दारावर निदान प्रमाणपत्र पाहणारा मनुष्य तरी असतो. २०२३ सालीं कायदा सुधारून सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्यांचीं नवीं प्रमाणपत्रें आणलीं आहेत. मोबाइलच्या दारावर असा द्वारपाल कोण? चार मोठ्यांची नजर होती ती गेली, आणि तिच्या जागीं हें यंत्र बसलें, ही शिरूर-दौंडची आजची खरी अडचण आहे.

यंत्रावर सगळाच दोष लादणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ऐकावी. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेनें मारामारीच्या व्हिडिओ-खेळांवरील संशोधन २०१५ सालीं तपासलें आणि २०२० सालीं आपलें मत पुन्हां नीट मांडलें. अशा खेळांचा आरडाओरड, ढकलाढकली असल्या आक्रमकपणाशीं लहानसा परंतु वारंवार आढळणारा संबंध आहे. प्रत्यक्ष रक्तपाताचें खापर मात्र त्यांवर फोडण्यास पुरावा अपुरा आहे, असें तें मत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं २०१९ सालीं १४-१५ वर्षांच्या सुमारें एक हजार ब्रिटिश मुलांची पाहणी केली, तींत तेवढाही संबंध दिसला नाहीं. उलट एल. रोवेल ह्यूसमन यांनीं शिकागोच्या मुलांचा पंधरा वर्षांवर मागोवा घेतला. लहानपणीं मारामारीचे कार्यक्रम पुष्कळ पाहणारीं, त्यांतील पात्रांशीं एकरूप होणारीं आणि तें सर्व खरें मानणारीं मुलें मोठेपणीं अधिक आक्रमक निघालीं. ‘खरें मानणारीं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सांगणारें कोणी जवळ नसेल तर मूल खरें मानणार नाहीं तर काय करणार?

आपल्याकडे मात्र घाईनें निकाल लागतो. २०१७ च्या जुलैंत मुंबईस अंधेरी येथें चौदा वर्षांच्या एका मुलाचा करुण अंत झाला. ‘ब्लू व्हेल’ नांवाच्या खेळानें त्याचा बळी घेतला असें देशभर झालें, शाळाशाळांतून इशारे निघाले. पुढें २०१८ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें लोकसभेंत सांगितलें कीं, चौकशींत असल्या एकाही प्रकरणाशीं त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाहीं. हें उत्तर किती जणांनीं वाचलें असेल? ‘पबजी’ची कथाही मौजेची आहे. २०१९ सालीं अकरा वर्षांचा एक मुलगाच आईमार्फत त्या खेळावर बंदी मागण्यास मुंबई उच्च न्यायालयांत गेला. बंदी आली ती २०२० च्या सप्टेंबरांत, तीही मुलांच्या कल्याणासाठीं नव्हे, देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. आणि पुढच्याच वर्षीं तो खेळ दुसरें नांव घेऊन परत आला.

मुलांनीं हिंसा केवळ पडद्यावर पाहिली असेंही नाहीं. १ जानेवारी २०१८ रोजीं शिरूर तालुक्यांतच कोरेगांव भीमा आणि सणसवाडी येथें दगडफेक व जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. ज्या मुलांनीं तो धूर गच्चीवरून पाहिला त्यांना कोणत्या खेळाचें प्रमाणपत्र दाखवावें? २०२५ च्या जुलैंत चौफुल्याजवळच्या एका कलाकेंद्रांत गोळीबार झाला, आणि दोन-चार दिवस चहाच्या टपरीवर मोठ्या माणसांना दुसरा विषय नव्हता. बोलतांना तोंडावर जी चमक येते ती पोरें न्याहाळीत असतात.

त्या प्रगतिपुस्तकाकडे आतां परत यावें. सही खोटी करणारें मूल शाळाखात्यांत नवें नाहीं. मोबाइल नव्हता, दूरचित्रवाणी नव्हती, तेव्हांही तें होतें. असें मूल सही करतें तें बहुधा घरच्या भीतीनें. दौंडच्या त्या मुलाच्या घरीं काय होतें याविषयीं तर्क करणें अन्यायाचें होईल. पण सामान्यतः ज्या घरांत कमी गुण म्हणजे मार, तेथें प्रगतिपुस्तक घरीं पोंचत नाहीं, हें कोणताही वर्गशिक्षक सांगेल. आणि मुलांना मारण्याविषयींचें संशोधन चित्रपटांविषयींच्या संशोधनापेक्षां एकमुखी आहे. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनीं २०१६ सालीं पन्नास वर्षांतील अभ्यास एकत्र केले. त्यांत १,६०,००० हून अधिक मुलें येतात. मार खाणारीं मुलें अधिक आज्ञाधारक होतात असें कोठेंच आढळलें नाहीं; अधिक आक्रमक होण्याशीं मात्र संबंध आढळला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील छडीला मनाई केली. घरच्या पट्ट्याला कोणी मनाई केलेली नाहीं. मारामारीचा चित्रपट पाहतो म्हणून मुलाच्या श्रीमुखांत भडकावणारा बाप पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या क्षणीं मुलानें कोणता धडा घेतला याचा त्याला पत्ता नसतो.

मारामारी दाखविलीच नाहीं पाहिजे असें कोणी म्हणेल तर महाराष्ट्रांत तें चालणारें नाहीं, चालूंही नये. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा ऐकत येथील मुलें शतकानुशतकें वाढलीं आहेत. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधि आहे. तेथें मुलाला नेणारा बाप महाराजांच्या छळाची हकीगत सांगितल्याखेरीज कशी राहील? पण शाहीर नुसता वार गात नाहीं. संकट काय होतें, पर्याय कां उरला नाहीं, कोणाच्या घरांत कोण वाट पाहत होतें, हें सगळें तो गातो, आणि ऐकणाऱ्या पोराशेजारीं आजोबा बसलेले असतात. पोरानें विचारलें कीं ते सांगतात. रीलला विचारतां येत नाहीं.

म्हणून उपायाचा विचार करतांना सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांतल्या मोहित्यांचे वडगांव या गांवाचा प्रयोग विशेष वाटतो. २०२२ पासून तेथें रोज सायंकाळीं सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरांतील मोबाइल आणि दूरचित्रवाणी बंद. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत पुसद तालुक्यांतील बान्सी या गांवानें अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइलवर बंदी घातली आणि दंड ठेविला. दोहोंत फरक आहे. बान्सीचा नियम मुलांसाठीं. वडगांवचा भोंगा सासूसाठीं, सुनेसाठीं, आजोबांसाठीं आणि सरपंचासाठींही वाजतो. आशा सेविका, अंगणवाडीच्या बाया, शिक्षक घरोघर फिरले तेव्हां कोठें तो अंगवळणीं पडला. दीड तासांत मुलें अभ्यास करितात असें तिकडचे लोक सांगतात. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, त्या दीड तासांत घरांतील मोठ्या माणसाचे डोळे मोकळे असतात, आणि ते मुलाकडे वळतात.

शिरूर किंवा दौंड शहरांत एकच भोंगा वाजवून भागणार नाहीं. सात ते साडेआठ हीच वेळ रांजणगांवच्या बसगाड्या माणसें उतरविण्याची, आणि दौंडच्या रेल्वे वसाहतींत कोणी कामावरून येत असतो तर कोणी डबा घेऊन निघालेला असतो. तेव्हां वेळ प्रत्येक वस्तीला निराळी ठरवावी लागेल. एखाद्या चाळींत ती सकाळची निघेल. दुसरें काम शाळांचें आहे. प्रगतिपुस्तक मुलाच्या दप्तरांतून घरीं न पाठवितां पालकांना शाळेंत बोलावून हातांत द्यावें, आणि कारखान्यांच्या पाळ्या ध्यानांत घेऊन त्याची वेळ रविवारीं ठेवावी. आणि नववींतील त्या मुलाशीं कोणी तरी सावकाश बोलावें. शाळा तीच, पडदा तोच, तींच दृश्यें. शंभर रुपये पुढें आले असतां तो त्या मुलीकडे गेला, तो कोणाच्या सांगण्यावरून, हें अद्याप कोणी विचारलेलें दिसत नाहीं.